‘निधी आला’ म्हणजे नेमकं काय झालं? गावच्या पैशाचा माग कसा काढायचा

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा पोरगा धापा टाकत अंगणात आला. “आक्का, आपल्या गल्लीच्या रस्त्याला दहा लाख आले म्हणं!” मी विचारलं, कोणत्या हेडखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्याखाली? तो गप्प. प्रशासकीय मान्यता निघाली की निधी वितरित झाला? तो आणखीच गप्प. मग त्यानं मोबाइल पुढं केला. त्यात एका शिफारसपत्राचा फोटो होता. म्हणजे कुणीतरी मुंबईला ‘हे काम घ्यावं’ असं कळवलं होतं, एवढंच. तेवढ्यावर पारावर पेढे वाटून झाले होते.

मराठवाड्यातल्या तीन तालुक्यांत मिळून माझी बत्तीस वर्षं उपकोषागारात, म्हणजे तालुक्याच्या सरकारी तिजोरीच्या कार्यालयात गेली. त्या टेबलावर हजारो बिलं हाताखालून गेली. तिथं एक गोष्ट पक्की कळली. घोषणा, तरतूद, मान्यता, वितरण आणि खर्च ही पाच वेगवेगळी माणसं आहेत आणि आपण त्या पाचांना एकाच नावानं हाक मारतो. ‘निधी आला’ असं कुणी म्हणालं की या पाचांतलं कोण आलं, हे आधी विचारायचं. ते कसं विचारायचं आणि उत्तर कुठं शोधायचं, तेवढंच इथं सांगते.

सुरुवात तरतुदीपासून करू. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये विधानमंडळात मांडला जातो. १० मार्च २०२५ला मांडलेला २०२५-२६चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता. त्यात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी. आपल्या रस्त्याशी या तुटीचा थेट संबंध आहे. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज आणि ‘लाडकी बहीण’सारख्या दरमहा द्यायच्या योजना (तिच्यासाठी त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते) थांबत नाहीत. हात आखडता घ्यायची वेळ आली की थांबतात ती बांधकामं. म्हणून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात काम आहे म्हणजे यंदा पैसा आहे, असं धरून चालू नका. बांधकाम खात्याच्या ‘व्हाइट बुक’मध्ये, म्हणजे कामांची यादी असलेल्या पुस्तकात, गावाचं नाव दिसलं की लोक हुरळतात. त्याच ओळीत पुढं जाऊन कामाची एकूण किंमत किती आणि यंदाची तरतूद किती, हे दोन रकाने वाचा. किंमत कोटीत आणि तरतूद काही लाखांत असेल, तर काम उरकायला किती वर्षं लागतील याचा अंदाज तुम्हीच बांधा. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच वाढीव पैशाच्या मागण्या, येतात. तिथं काही कामांपुढं ‘लाक्षणिक तरतूद’ लिहिलेली असते. ती हजार रुपयांची असते. ते फक्त दार उघडणं आहे, घरात अजून कुणी आलेलं नाही.

आता हेड, म्हणजे लेखाशीर्ष. हे वाचता आलं की अर्धा माग लागला. सरकारचा प्रत्येक रुपया चार आकडी प्रधान शीर्षाखाली जमा किंवा खर्च होतो. पहिला आकडा ० किंवा १ असेल तर ती जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, रोजचा चालता खर्च. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली, ज्यातून काहीतरी टिकाऊ उभं राहायला हवं. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज आणि आगाऊ रकमा. ८ म्हणजे बहुतेक करून लोकलेखा, सरकारनं दुसऱ्यांच्या वतीनं सांभाळायचा पैसा. शाळांचा खर्च २२०२, दवाखान्यांचा २२१०, अतिवृष्टी-दुष्काळाची मदत २२४५, शेती २४०१. रस्त्यांना ३०५४ आणि ५०५४ असे दोन आकडे आहेत आणि फसगत इथंच होते. ३०५४ महसुली, त्यातून बहुतेक करून देखभाल, दुरुस्ती, मजबुतीकरण होतं. ५०५४ भांडवली, त्यातून नवी बांधणी, रुंदीकरण. कुणी ‘नवा रस्ता’ म्हणत असेल आणि कागदावर ३०५४ असेल, तर तिथंच थांबून अंदाजपत्रक मागा.

गल्लीबोळातले सिमेंट रस्ते, सभामंडप, नाल्या यांसाठी खेड्यापाड्यात जो ‘पंचवीसपंधरा’ म्हणतात, तो २५१५. हा इतर ग्रामीण विकास कार्यक्रमांचा हेड आहे आणि लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांचा सांकेतांक २५१५ १२३८. पहिले चार आकडे प्रधान शीर्षाचे, पुढचे चार योजनेचे. त्यापुढं आणखी दोन आकडे असतात, त्यावरून पैसा कशापोटी गेला ते कळतं. ०१ म्हणजे वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदान, ३६ वेतनासाठीचं सहायक अनुदान, ५३ मोठी बांधकामं. हे आकडे एका पोस्टकार्डावर लिहून भिंतीला लावा. माझ्या स्वयंपाकघरात अजून आहेत.

मग शासन निर्णय, आपला जीआर. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार मिळतो. खरा जीआर ओळखायची खूण शेवटच्या परिच्छेदात असते. तिथं अठरा आकडी संकेतांक दिलेला असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत तो संकेतांक नसेल किंवा संकेतस्थळावर टाकून निर्णय सापडत नसेल, तर त्यावर भरवसा ठेवू नका. जीआर वाचताना प्रस्तावना सोडा, सरळ मागं जा. शेवटी जोडलेल्या विवरणपत्रात गावाचं नाव, कामाचं नाव आणि रक्कम असते. मग परत वर येऊन क्रियापद बघा. ‘प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे’ म्हणजे काम करायला हरकत नाही. ‘निधी वितरित करण्यात येत आहे’ म्हणजे पैसा खालच्या कार्यालयाकडं निघाला. या दोन वाक्यांमध्ये कधी दोन महिने जातात, कधी दोन वर्षं.

वितरणानंतर पैसा ‘बीम्स’ या निधी-वाटपाच्या संगणक प्रणालीतून अधिकाऱ्याच्या नावावर पडतो. तो अधिकारी बिल तयार करतो, कोषागार ते तपासतं, मगच पैसा सुटतो. राज्यभरात कोणत्या शीर्षाखाली किती जमा झाले आणि किती खर्ची पडले, ते ‘कोषवाणी’ या संकेतस्थळावर बघता येतं. वित्त विभागाच्या पानावर अर्थसंकल्पाची पुस्तकंही आहेत. पण खरं सांगते, गावच्या एका रस्त्यासाठी तिथं फार वेळ घालवू नका. तुमच्या गल्लीची गोष्ट तालुक्याच्या फायलीत असते.

त्या फायलीत काय असतं? अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा काम कुणाला दिलं त्याचा कागद, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. एकच कागद मिळणार असेल तर मोजमाप पुस्तिका घ्या. तिला सगळे एमबी म्हणतात. अभियंत्यानं जागेवर जाऊन काय मोजलं ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि बिल तिच्यावरूनच निघतं.

एका गावात आम्ही हे केलं, तेव्हाचं पान माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. निळ्या शाईत लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, आणि शेवटच्या रकान्यात ४५ घनमीटर काँक्रीट. आम्ही चौघं सकाळी सातला टेप घेऊन गेलो, ऊन चढायच्या आत. माझ्या भाच्यानं टेपचं एक टोक मारुतीच्या देवळाच्या पायरीशी धरलं, दुसरं मी घेऊन चालत गेले. रस्ता ८२ मीटरला संपला, पुढं मुरूम. कडेला माती खरवडून जाडी बघितली. दहा सेंटिमीटर. ८२ गुणिले ३ गुणिले ०.१० म्हणजे २४.६ घनमीटर. कागदावर पंचेचाळीस, जमिनीवर पंचवीससुद्धा नाही. एका म्हातारबाबांनी विचारलं, “मंग बाकीचं कुठं गेलं वो आक्का?” माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण प्रश्न कुणाला विचारायचा ते आता माहीत होतं.

इथं सावध राहायला हवं. कडेची जाडी मधल्या जाडीपेक्षा कमी असू शकते, म्हणून कडेवरून आरोप करू नये. जाडीसाठी कोअर टेस्ट, म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेल्या नमुन्याची तपासणी, मागायची. लांबी मात्र टेप सांगतो ती. आम्ही एमबीच्या प्रतीसह लेखी अर्ज दिला आणि संयुक्त मोजणी मागितली. अंतिम बिल निघायचं बाकी होतं, म्हणून उपयोग झाला. उरलेल्या अठरा मीटरवर पंधरा दिवसांत काँक्रीट पडलं. जाडीचं काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रस्त्याला भेगा गेल्या. कोअर टेस्टचा आग्रह तेव्हाच धरायला हवा होता, ही चुटपुट अजून जात नाही. म्हणून सांगते, अंतिम बिलाच्या आधी पोचा.

एमबी हातात कशी येते? पहिली वाट सोपी आहे आणि कुणी वापरत नाही. २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. त्या निर्णयाची छापील प्रत सोबत न्या. “असं काही नसतं” म्हणणारा माणूस प्रत बघितली की खुर्ची सरकवून देतो. आवाज चढवायचा नाही. टेबलावरचा कारकूनही मार्चअखेरच्या ओझ्याखाली दबलेला असतो, मी तिथंच बसत होते.

सोमवारी काम झालं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांपर्यंतचा हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नको. प्रतींचे पानाला दोन रुपये. ‘का केलं नाही’, ‘जबाबदार कोण’ असं विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते. कागद मागायचा. आमचा अर्ज असा होता:

“मौजे (गाव) येथील (कामाचे नाव) या लेखाशीर्ष २५१५ १२३८ अंतर्गत कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: १. अंदाजपत्रक, २. तांत्रिक मान्यता, ३. कार्यारंभ आदेश, ४. मोजमाप पुस्तिकेतील संबंधित सर्व पाने, ५. अदा केलेल्या देयकांच्या प्रती. तसेच कामाची प्रत्यक्ष पाहणी करून साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याची मुभा द्यावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. २००५च्या कायद्यानं काम बघायचा आणि साहित्याचा नमुना घ्यायचा अधिकार दिलेला आहे, बहुतेकांना तो ठाऊकच नसतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथंही भागलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं अपील. तिथं वेळ लागतो, म्हणून सोमवार आधी.

आणि एकट्यानं अर्ज करू नका. गावात नाव उघडं पडतं, शेताच्या बांधावर, पाण्याच्या पाळीवर त्याचा त्रास होतो, हे मी बघितलंय. चार घरांतून चार अर्ज जाऊ द्या. बचत गटातल्या बाया सोबत असतील तर उत्तमच. आमच्या वेळी एमबीचं पान बायांनीच आधी वाचलं, कारण ओट्याला किती सिमेंट लागतं हे त्यांना हातानं ठाऊक होतं.

ग्रामपंचायतीच्या हातात येणारा पैसा वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२५-२६ पर्यंत) केंद्राकडून आलेल्या अनुदानाचा राज्यानं ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटा केला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित होता. हे खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतात, कुणाला किती दिले ते व्हाउचरसकट. दर महिन्याला एकदा उघडा. दुकानाचं नाव ओळखीचं निघालं तर त्या दुकानात जाऊन विचारायला पाचच मिनिटं लागतात. ग्रामसभेत नमुना ५ची रोकडवही मागा. वर्षाला किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. सगळ्यात महत्त्वाचं, ठराव सभा उठायच्या आत नोंदवहीत लिहून मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, मग समोर भाऊ असो की दीर.

मार्चअखेरीचं थोडं. ३१ मार्चला जो निधी खर्ची पडत नाही, तो व्यपगत होतो, म्हणजे बाद होतो, किंवा समर्पित करावा, म्हणजे परत द्यावा लागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात आमच्याकडं बिलांचे गठ्ठे यायचे, रात्री बारापर्यंत टोकनं चालायची. डबे दोन आणायचो, एक दुपारचा, एक रात्रीचा. वितरणाच्या जीआरवर २९, ३०, ३१ मार्च अशी तारीख दिसली की त्या कामावर जास्त लक्ष ठेवा, घाई तिथं होते. जिल्हा नियोजन समितीचा पैसा जिल्हा परिषदेकडं गेला असेल तर तिला खर्चाला पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत असते. ‘वेळ संपली, पैसे परत गेले’ असं कुणी सांगितलं तर समर्पणाचं पत्र दाखवा म्हणायचं.

“पण आपण कुठं कर भरतो, विचारायचा हक्क काय?” असं कुणीतरी हमखास म्हणतं. हे ऐकलं की मला राहवत नाही. फवारणीच्या औषधावर जीएसटी आहे, पोराच्या बिस्किटावर आहे. डिझेलवरचा व्हॅट थेट राज्याच्या तिजोरीत जातो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र आयकर घेत नाही, म्हणून शेतकरी करदाता नाही हे धादांत खोटं आहे.

नोकरदारानं आपली पगाराची स्लिप बघावी. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० (दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायांना एप्रिल २०२३ पासून माफ). हा कर १९७५मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचा आणि दुष्काळी भागात कामं काढायची, अशी ती रचना. वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली ही योजना १९७७च्या कायद्यानं हक्क झाली. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई पाझर तलावावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोच्या भाकरी आणि हातावर सुकडी, एवढं मला आठवतं, मी आठ वर्षांची होते. पहिल्या पगाराच्या कागदावर तो कर बघितला आणि मोठ्या साहेबांनी त्याची कथा सांगितली, तेव्हा मी ती स्लिप आईला नेऊन दाखवली.

आयकराची वाट लांबची आहे. तो दिल्लीला जातो. २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना आणि त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. म्हणजे त्या काळात शंभर रुपयांतले सुमारे दोन रुपये एकोणसाठ पैसे परत येत होते. त्यावरचा ४ टक्के उपकर आणि अधिभार वाटपात येतच नाही. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला, पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजार. माझ्या शिक्षक पुतण्याला त्यानं खरा दिलासा मिळाला आणि मला त्याचा आनंद आहे. पण प्रत्यक्ष करातून सुमारे एक लाख कोटी सोडावे लागतील असं तेव्हाच सांगितलं होतं. वरच्याच हिशेबानं मांडलं तर त्यात महाराष्ट्राचा वाटा दोन हजार पाचशे नव्वद कोटींच्या घरात जातो. करसवलत जाहीर झाली की टाळ्यांसोबत राज्याचा वाटा किती घटला हेही विचारायला हवं. १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं. निवृत्तिवेतनधारकांनी आपल्या कागदांवरचे जुने शब्द बदललेत का ते बघून घ्यावं.

जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे सुटे मागायची सवय लावा. १९८४मध्ये दांडेकर समितीनं राज्यातल्या अनुशेषाचा, म्हणजे मागं पडलेल्या भागांत व्हायच्या राहिलेल्या विकासाचा, हिशेब मांडला, तो ३,१८६ कोटींवर गेला. जिल्हावार मोजलं म्हणून मराठवाड्याच्या हातात बोलायला आकडा आला. त्या अनुशेषावर लक्ष ठेवायला १९९४मध्ये नेमलेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. म्हणून आता राज्याचा एकूण आकडा कुणी सांगितला की आमच्या जिल्ह्यात किती, असं लगेच विचारा. महालेखापरीक्षकांचे (कॅगचे) अहवाल विधानमंडळात मांडले जातात आणि संकेतस्थळावर मराठीतही मिळतात. पूर्ण वाचायची गरज नाही, ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) हा शब्द शोधा आणि कोणत्या विभागाची प्रमाणपत्रं थकलीत ती पानं वाचा.

येत्या सोमवारी मी दीडच्या एसटीनं तालुक्याला जाणार आहे, आपल्या गल्लीच्या त्या दहा लाखांची फाइल बघायला. शिफारसपत्राच्या पुढं काही हललं का, तेवढं कळेल. सोबत वही, दोन पेनं, २०१८च्या निर्णयाच्या तीन प्रती, दहा रुपयांचे चार स्टॅम्प आणि तीस मीटरचा टेप आहे. शेजारचा पोरगा येतोय, त्याची आईही येते म्हणालीय. आणखी कुणाला यायचं असेल तर एक वाजता पारावर या.